पाळीवरची रुखमिणी

मेलेल्यांची नावं जेवणाच्या ताटावर घेऊ नयेत, एवढंसुद्धा शुभांगीला तिच्या माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. सून पवनीच्या कचेरीत कामाला. जुन्या कोतवालांनी लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या वह्यांची यादी करायची आणि ती नेटवर चढवायची, म्हणजे ज्याला त्याला घरबसल्या आपले पणजे-खापरपणजे सापडतात. जिल्हा तुटला तेव्हा अर्धे गठ्ठे गोंदियाला गेले, या गावचे, कोंढ्याचे, इकडेच राहिले. रविवारीसुद्धा ही बाई लॅपटॉप मांडीशी घेऊन जेवणार आणि घासागणिक एकेक मयत वाचणार. गोमाजीची आई, पटकी. जागेश्वरचा भाऊ, साप.

"तोंडात भात हाय तं भातच राहू दे," रुखमिणी म्हणायची. "त्यायले कायले बलावून राहिली?"

"लोकायले त्यायचे मानसं भेटून राहिले, आई. जवाहरनगरचा एक साहेब तं फोनवर रडला."

"रडू दे. त्याच्या घरी रडला ना."

त्या रविवारी मात्र शुभांगीने हसत लॅपटॉपच सासूपुढे फिरवला. रुखमिणी दुसरीपर्यंत शिकलेली, पण आपलं आणि बापाचं नाव तिला कुठंही ओळखू यायचं. तुलारामची मुलगी रुखमिणी, वय पाच दिवस, मयत, सन एकोणीसशे पन्नास. खाली आणखी एक बारीक ओळ होती, ती काही तिला लागली नाही.

"पाच दिवसाच्या लेकराचं नाव कोनी लिहत नाही, म्हनून माह्या नजरेत आलं," शुभांगी म्हणाली. "जित्या मानसाले मारून ठेवलं पाहा कोतवालानं."

"कोतवालानं नाही. माह्या मायनं."

रुखमिणीने ताटातच हात धुतला आणि पोटच्या हेमराजलाही जे कधी सांगितलं नव्हतं ते सुनेला सांगितलं. तिच्याआधीची तीन लेकरं सहाव्या रात्रीपुढे टिकली नव्हती. सहाव्या रात्री सटवी येते आणि कपाळावर लिहून जाते. म्हणून चौथ्या खेपेला मायनं पाचव्याच दिवशी कोतवालाच्या हातून पोरीची मौत लिहून घेतली, नावासकट, म्हणजे येणारीला वाटावं की इथलं काम आटोपलं. मग वरवंट्याला पोरीचं दुपटं गुंडाळलं, चारचौघांत रडून घेतलं आणि तो तलावाच्या पाळीवर पुरला. पोरगी जगली. मायनं मात्र तिला जन्मात नावानं हाक मारली नाही, आणि घरात दुसरा वरवंटा येऊ दिला नाही. सासरी रुखमिणीनेही तो नेम मोडला नाही.

माहेर आणि सासर एकाच गावात, मधे तलाव. पाळीवर ती पुरलेली रुखमिणी बसलेली दिसायची, नेहमी पाठमोरी. रुखमिणीला परकर तर तिलाही परकर. रुखमिणीच्या लग्नात तिच्याही अंगावर हळदीचं लुगडं. अलीकडे तिचेही केस पिकले होते. भिऊन भिऊन माणूस किती भिणार? रुखमिणी रोज दारातून बघून घ्यायची, ती जागेवर आहे ना, आणि मगच चूल पेटवायची.

"तिची मौत लिहून हाय म्हनून ते तिथं बसली हाय," ती म्हणाली. "नाहीतं तिनं कुठं जावं? त्या लिहिल्याले हात नोको लावू."

शुभांगीने ताट बाजूला सारलं. तिचं हसू कधीच गेलं होतं.

"आई, मी तं चूक समजून परवाच दुरुस्ती पाठवली. तुमचं आधार जोडलं. हे खालची ओळ तेच हाय. व्यक्ती हयात आहे, म्हनून. आज दुपारीच चढली."

रुखमिणी उठून दारात गेली. उन्हात पाळ लख्ख दिसत होती. मोहाचं झाड, त्याला बांधलेली बकरी. आणखी कोणी नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत ती जागा तिने रिकामी पाहिली नव्हती.

मागे स्वयंपाकघरात दगडावर दगड घासला. सावकाश, मिरची वाटावी तसा. शुभांगीने मान वळवली.

"आपल्या घरी वरवंटा कुठं हाय?" तिने अगदी हळू विचारलं.

रुखमिणीने चौकट धरली, पण आवाज हलू दिला नाही.

"मायनं तिले निजवलं, मी राखलं. तू कोनाले न विचारता उठवलं. आता रोज तिचं ताट तू मांडशील, शुभांगे. माह्या ताटाच्या आधी."