सोळावं वचन

आदेशशेठ रोह्याहून कासूला समीक्षाच्या घरी प्रार्थनेला आला, तेव्हाच तिने ओळखलं. तो बायजाला न्यायला आला होता. आठ दिवसांपूर्वी ती त्याच्या बंगल्यातून पळून समीक्षाच्या आसऱ्याला आली होती. बाराव्या वर्षापासून ती तिथे राबत होती. आई वारली तेव्हाही शेठने तिला गावी गागोद्याला जाऊ दिलं नव्हतं. आणि हाच गृहस्थ दर रविवारी डोळे मिटून देवाची गाणी गाणार!

"दिनानाथभाऊ, आज बायबलातलं, पौलानं फिलेमोनाला लिवलेलं पत्र वाचा," शेठ सर्वांदेखत म्हणाला. "पळालेला दास पौलानं धन्याकडं परत धाडला. मग तुमी हिला ठेवून कसं घेता?"

समीक्षाचा नवरा दिनानाथ प्रार्थना चालवायचा. भला माणूस, पण शास्त्राचं नाव निघालं की त्याची मान खाली. "लिवलंय खरं," तो पुटपुटला. समीक्षाला त्याचा असा राग आला म्हणता!

तिने ते पत्र शेवटपर्यंत वाचलेलं होतं. शेठने कुठल्याशा प्रवचनात अर्धंच ऐकलं असणार. समीक्षाच्या घरची रीत ठरलेली होती: बसल्या क्रमाने प्रत्येकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं, आपल्या वाट्याचं टाळायचं नाही, मग तो पाहुणा का असेना. तिने भराभर डोकी मोजली. दाराशी बसलेला शेठ चौदावा. सोळाव्याला दोन कमी! ती स्वयंपाकघरात चहा करणाऱ्या शेजारच्या धोंडुबाईकडे धावली.

"धोंडुबाई, चहा राहू दे गो! सुनेला घे नि शेठच्या अलीकडं बस."

वाचन सुरू झालं. बारावं वचन आलं, दासाला परत धाडल्याचं. "ऐकलंत?" शेठ म्हणाला. बायजाचा चेहरा पांढराफटक पडला. तेरा, चौदा, पंधरा. पुस्तक शेठच्या हातात आलं आणि तो अडखळला.

"मोठ्यानं वाचा, शेठ," धोंडुबाई म्हणाली.

वाचावंच लागलं. पौल धन्याला सांगत होता की आता त्याला दास समजू नकोस, लाडका भाऊ म्हणून घरात घे. समीक्षाला उठून टाळ्या पिटाव्याशा वाटल्या.

पण शेठ काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बरोबर हाय," तो हसून म्हणाला. "बहीण म्हणूनच नेतो. चल गो बायजा."

समीक्षा बायजाच्या आड उभी राहायला निघाली. तेवढ्यात बायजाच उठली. आठ दिवसांत तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता.

"बहीण म्हनता ना? मंग बहिनीला इचारा, येतेस का."

"बरं. येतेस का?"

"नाय."

शेठ दिनानाथकडे वळला. दिनानाथने मान वर केली.

"तिनं सांगितलं ना, शेठ," तो म्हणाला. "आता ह्या घरातनं तिला कोन नेनार नाय."