मधेच अडलेली काडी

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी दयारामने खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला मणी कृष्णकांत सरांच्या टेबलावर ठेवला.

मणी बोराच्या बीएवढा. तांबडा अकीक दगड, त्यावर पांढऱ्या रेषांची दोन वर्तुळं, एकात एक. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

सर पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. बावीस वर्षं ते जुने मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मुद्रा जमवत होते. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डब्या, आत कापूस, वर बारीक अक्षरातली चिठ्ठी. रेषांचा मणी मात्र त्यांच्याकडे नव्हता. कपाटाच्या वरच्या खणात त्याच्यासाठी एक डबी रिकामी होती, चिठ्ठीसकट.

दयाराम उलव्याचा. या छंदाला लागून त्याला जेमतेम दोन वर्षं झाली होती, तीही सरांच्याच नादाने. आजवर त्याने आणलेलं सगळं, खापऱ्या, कवड्या, एकदा तर बाटलीचं बूच, सरांनी हसून परत केलं होतं. हा मणी त्याला शेजारच्या प्लॉटवर, पोकलेनने उपसलेल्या मातीत मिळाला होता. तो तिथे लघवीला थांबला होता. हे त्याने दोनदा सांगितलं.

सरांनी केरसुणीची काडी घेतली. ही परीक्षा दयारामला त्यांनीच शिकवली होती. जुने कारागीर मण्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडत. मध्यावर ती भोकं नेमकी जुळत नाहीत, तिथे काडी अडते. मशीनचं भोक सरळ असतं.

काडी अर्धी आत गेली आणि अडली. सरांच्या बोटांना ते नीट कळलं. अंगठ्याआड त्यांनी ती किंचित वाकवली, पुढे रेटली. दुसऱ्या बाजूने टोक बाहेर आलं.

"सरळ गेली," ते म्हणाले. "आजकालचा आहे. बाजारात किलोने मिळतात."

"नक्की ना, सर?"

"राहू दे इथे. कुणी आलं तर दाखवायला होईल, खोटा कसा असतो ते."

दयारामने मणी उचलून पुन्हा रुमालात बांधला.

"नको. भामा कवाची मागं लागलीय, नातीच्या काल्या दोऱ्यात ओवाया. दृष्ट लागते बोलते पोरीला. मी बोल्लो, सर खरा बोलले तर डबीत जाईल, नायतर पोरीच्या हाताला."

तो गेला. दयारामचा चहा तसाच राहिला होता, तो सरांनी उचलून मोरीत ओतला.

पुढचे दोन दिवस ते वहीत मणी काढत होते. वर्तुळं आठवणीने बरोबर जमत होती. त्याभोवती तान्ह्या मुलीचं मनगट मात्र त्यांनी एकदाही काढलं नाही.

मंगळवारी अकरा चाळीसला फोन आला.

"सर, दोरा जाईना. भामानं सुईबी लावून बघितली. मधीच अडतंय."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुमी काडी घातली, तवा अडली नव्हती ना?"

दयारामचा आवाज साधा होता. मागे त्याची बायको भामा सून स्नेहलला सांगत होती की दोरा काही जाड नाही. सरांना अजून सांगता आलं असतं. पण मग बावीस वर्षांत त्यांना न मिळालेला मणी लघवीला थांबलेल्या माणसाच्या नावावर लागला असता.

"नाही," ते म्हणाले. "मळ असेल आत."

"बरं. मंग पनवेलला आणतो, स्टँडजवलच्या सोनाराकडं. मशीनवर भोक सरल करून दील."

फोन बंद झाला. असल्या दगडावर मशीन चाललं तर एक तर जुनं भोक कायमचं पुसलं जातं, नाहीतर मणी दुभंगतो. हेही दयारामला सरांनीच शिकवलं होतं. ही गोष्ट त्यांना जरा उशिरा आठवली.

चपला घालता घालता त्यांनी वरच्या खणातली डबी काढून खिशात टाकली.

एकला पाच कमी असताना ते सोनाराच्या दुकानाशी पोचले. आत मशीन बारीक आवाजात चालू होतं. दयाराम बाहेर बाकावर बसला होता. उजवी मूठ मिटून गुडघ्यावर ठेवलेली. सरांना पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. त्याने सरकून जागा करून दिली.

सर बसले. बसताना खिशातली डबी बाकाच्या कडेला लागून वाजली. दयारामने एकदा खिशाकडे पाहिलं.

"दिलास आत?" सरांनी विचारलं.

"खोट्या मण्यापायी एवढ्या उनात कशाला आलाव, सर?"

आतलं मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं. एक वाजून दहा मिनिटांपर्यंत सरांनी उत्तर दिलं नव्हतं आणि दयारामने रुमालाची गाठ धरलेली मूठ उघडली नव्हती.