नावापुढची फट

सूनबाईची जीभ तिखट, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण त्या दिवशी ती जीभ घरात न चालता ऑफिसात चालली, तीही चारचौघांत आणि थेट सासऱ्यांवर. तिथंच सगळा घोळ झाला.

सासरे आणि सून एकाच ठिकाणी कामाला. पुस्तकाची पानं लावून छापायला पाठवणारं छोटंसं ऑफिस. ती कॉम्प्युटरवर पानं लावायची, आणि खिडकीपाशी बसून सासरे, म्हणजे नाना, प्रुफं तपासायचे. उभा जन्म त्यांनी लाल पेनानं लोकांच्या चुका काढण्यात घातला होता. एखादा स्वल्पविराम नजरेतून सुटला तर गड्याला दुपारचा डबा गोड लागायचा नाही.

काम चाललं होतं वनस्पतींच्या कोशाचं. हजारो नावं. प्रत्येक नाव ठळक, त्याला चिकटून स्वल्पविराम, मग माहिती. एकेक नाव हातानं कोण सजवत बसणार? सूनबाईनं मॅक्रो लिहिला. मॅक्रो म्हणजे आपणच तयार केलेला हुकूम. नाव ठळक कर, सूचीत नोंदव, अशा सगळ्या सूचना एकदा लिहून ठेवायच्या, मग नुसता हुकूम सोडायचा.

पहिल्याच गठ्ठ्यात नानांनी लाल गोल काढून आणले. "सूनबाई, नाव आणि स्वल्पविरामात फट पडतेय बघ. बारीक आहे, पण पडतेय."

नेमके मालक मागं उभे, काम कधी संपणार म्हणून. तिनं पानाकडे धड पाहिलंसुद्धा नाही. "अहो नाना, फट पानात नाहीये, तुमच्या चष्म्यात आहे! नंबर बदला आता."

सगळं ऑफिस खो खो हसलं. मालक तर सगळ्यांत जास्त. नानाही हसले. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला आणि ते पान पुन्हा बघितलं. ते गठ्ठा घेऊन जागेवर गेले, आणि पुढच्या गठ्ठ्यात एकही गोल आला नाही.

हळूहळू लाल पेन गेलं, पेन्सिल आली. खुणाही इतक्या पुसट की शोधाव्या लागायच्या. घरी त्यांनी स्कूटरची चावी मुलाच्या हातात दिली. "डोळ्यांच्या डॉक्टरकडे तरी जा," म्हणून सासूबाई मागं लागल्या, तर म्हणाले, "डॉक्टर काय सांगणार ते मला माहितीये. कशाला पुन्हा ऐकायचं?" आणि काल त्यांनी मालकांना सांगून टाकलं, की हा कोश छापायला गेला की मी घरी बसतो. मालकांनी थांबा म्हटलं नाही.

आज सूनबाईनं तोच मॅक्रो दुसऱ्या पुस्तकाला लावला. तिथली अक्षरं मोठी. नावापुढं ही एवढी फट! तिनं घाईघाईनं मॅक्रो उघडला. मॅक्रोच्या भाषेचा स्वभावच असा, की मॅक्रो लिहिताना आपण ओळ मोडली तर ती आपणहून एक जागा सोडते. नको असेल तर ओळीच्या शेवटी टक्क्याची खूण टाकायची. हे तिनं नवख्यांना कितीदा बजावलं होतं! आणि तिच्याच मॅक्रोत दुसऱ्या ओळीच्या शेवटी टक्का नव्हता. तिनं तो टाकला, आणि कोशातल्या हजारो फटी एका दमात मिटल्या.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला निघाली होती बाई, आणि हे मुसळ!

कोश उद्या सकाळी छापायला जायचा होता. गुपचूप नवी फाइल पाठवली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मोह झाला, नाही कशाला म्हणा. पण खिडकीपाशी नाना खण रिकामा करत होते.

ती उठून गेली. "नाना, ते कॉम्प्युटरमध्ये जरा गडबड होती. काढली मी."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि जुनी चष्म्याची डबी पिशवीत टाकली. कसली गडबड, हेही विचारलं नाही. एवढ्यावर परत फिरता आलं असतं. पण तिला स्वतःचीच लाज वाटली.

"नाना," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "फट होती. पानातच होती. चूक माझी. तुम्ही बरोबर दाखवली होती, आणि मी तुमची थट्टा केली."

"मॅडम, हे आत्ता सांगताय?" मालकांनी कपाळाला हात लावला.

"फाइल दुरुस्त केलीये. पण नानांनी पुन्हा वाचल्याशिवाय कोश जाणार नाही. उशीर झाला तर माझ्या नावावर घाला."

नाना खण तसाच उघडा ठेवून खुर्चीत बसले. म्हणाले, "मग पुढं एका चित्राखालचा आकडा पुसट दिसत होता, तोही..."

"मग खूण का नाही केलीत?" ती बोलून गेली, आणि जीभ चावली.

"म्हटलं, डोळ्यांचंच असेल."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुरुस्त पानं छापून तिनं त्यांच्यापुढं ठेवली, वर लाल पेन ठेवलं, खुर्ची ओढून शेजारी बसली. नानांनी पेन बाजूला सारलं. पेन्सिलच उचलली, आणि पहिलं पान खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"सूनबाई, इथं आता फट नाही ना? की मला दिसत नाहीये?"

"नाही, नाना. खरंच नाहीये."

त्यांनी मान हलवली. पेन्सिल पुढच्या नावावर टेकवली.

"आणि इथं?"