चंदनाखालचा लाल दिवा

मी डिस्क बोलतेय. चेन्नईतल्या गिंडीच्या पंप-कारखान्यात कॉम्प्युटरच्या एका पेटीत आम्ही पाचजणी राहत होतो, जावाजावांसारख्या. मी तिसरी. प्रत्येकीकडे कामाचा आपला वाटा, शिवाय बाकीच्यांच्या वाट्याच्या खुणा. एक बिघडली, तर उरलेल्या चौघी तिचं सगळं नव्या डिस्कला सांगू शकत. दोघी बिघडल्या, की सगळंच गेलं.

आमच्यात राघोत्तमरावांनी काढलेली अकरा वर्षांची पंपांची ड्रॉइंग्ज होती. कागदावरची वाळवीने खाल्लेली, आणि टेपवर प्रत काढायचं यंत्र महिनाभर दुरुस्तीला गेलेलं. रोज सकाळी ते पेटीला हात लावून बघत, लेकराचा ताप बघावा तसा.

आमची खोली सांभाळायचा चंद्रमौळी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, त्याने प्रत्येकीच्या कपाळावर चंदनाचा ठसठशीत गोळा लावला, वर कुंकू. भाविक माणूस, बिघाड झाला की लाल होणारे आमचे इवले दिवे नेमके तिथेच आहेत, हे त्याला कुठून दिसणार!

सुट्टीत दुसरी गप्प झाली. तिचा लाल दिवा चंदनाखालीच लागला. आम्ही तिचं काम ओढलं आणि कुणाला कळू दिलं नाही. चौथ्या दिवशी माझ्याच पोटात टकटक सुरू झाली. ड्रॉइंग उघडायला पाच-पाच मिनिटं लागू लागली, तेव्हा कुठे दुरुस्तीवाल्या हेमावतीला बोलावणं गेलं.

माझा आवाज ऐकून चंद्रमौळीने माझीच मूठ धरली. "हीच मेली बघा. ओढतो."

"हात काढा आधी!" हेमावती ओरडली. "मेलेली बोलते का कधी?"

"पण अम्मा, लाल दिवा कुणाचाच नाही."

"टिळा लावताना डोळे उघडे होते ना तुमचे?"

तिने वाळलेलं चंदन नखाने खरवडलं. दुसरीचा दिवा लालभडक.

"अय्यो," चंद्रमौळी खालीच बसला.

दुसरीच्या जागी नवी आली. तिला सगळं सांगायचं होतं, आणि सांगणाऱ्यांत धडपडणारी मी. हेमावतीने बजावलं, "आज कुणी ड्रॉइंग उघडायचं नाही. हिच्यावर एवढाच भार पुरे."

"उरेल ना गं काही, पोरी?" राघोत्तमरावांनी विचारलं.

"कॉफी घ्या, मामा."

दुपारी मी अडखळले. चंद्रमौळी पेटी बंद करायच्या बटणाकडे धावला. हेमावतीने त्याला नुसतं डोळ्यांनी थांबवलं. स्वतः हात मांडीत घट्ट धरून बसली. काहीही न करणं किती अवघड काम आहे, ते त्या बोटांवरून कळत होतं. मी पुन्हा वाचू लागले.

पाचच्या सुमाराला राघोत्तमरावांचा पहिला पंप पडद्यावर उमटला. ते बराच वेळ चष्माच पुसत राहिले.

"आता तिसरीही बदलू," हेमावती म्हणाली.

"ती तर चालतेय!"

"म्हणूनच आज."

आता मी तिच्या दुकानाच्या फडताळात आहे. माझ्यात कुणाचं काही उरलेलं नाही; आरामात आहे. जाता जाता एवढंच मागते: टकटक करणारीकडे सगळेच धावतात. तुमच्या घरात गप्प झालेली कोण आहे, तेही एकदा बघा.