काचेतला बंब

पारख्याने खेळण्यातल्या पत्र्याच्या यंत्रमानवाचं डोकं चिमट्याने मागे वळवलं, छातीची दारं उघडली आणि नाक मुरडलं. पाहुण्याला पाण्याच्या पेल्यात केस सापडावा, तसं.

“याला तुम्ही काचेतला म्हणता?”

“म्हणतो म्हणजे? आहेच तो,” डॉक्टर म्हणाले. “मामाने आणला त्या दिवसापासून कपाटात आहे. हात लागलेला नाही त्याला.”

डॉक्टर दातांचे. जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात डोकावून त्यांचं माणसांविषयी एक मत झालं होतं, आणि ते काही बरं नव्हतं. पण संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात आपल्या यंत्रमानवाला मधल्या दालनात जागा मिळणार, हे त्यांनी त्याच माणसांना आवर्जून सांगून ठेवलं होतं. मंडळात दोनच जाती. ज्याच्याशी कुणी खेळलं नाही ती वस्तू ‘काचेतली’, ज्याच्याशी खेळलं ती ‘हातातली’. काचेतलीला मधलं दालन. हातातलीला दाराशी, छत्र्यांच्या शेजारी. आणि कोण कुठे बसणार, हे या चष्म्यावर भिंग लावणाऱ्या किरकिऱ्या माणसाने ठरवायचं!

“बसायला गादी मिळाली की सगळेच स्वतःला न्यायाधीश समजतात,” डॉक्टर धाकट्या भावाच्या कानात पुटपुटले.

धाकटा नुसता हसला. तो बालवाडीत शिकवायचा. गाडी चालवायला म्हणून डॉक्टरांनी त्याला बरोबर आणलं होतं, आणि वाटेत दोनदा बजावलंही होतं की पेटीला हात लावू नकोस, तुझ्या बोटांना खळ लागलेली असते.

पारख्याने पाय दुमडले, हात आत घेतले, पाठीवरची शिडी फिरवली. खट्, खट्, खट्. टेबलावर आगीचा लाल बंब उभा राहिला. डॉक्टरांनी त्याचं हे रूप खोक्यावरच्या चित्राखेरीज कधी पाहिलंच नव्हतं. झिजेल म्हणून त्यांनी तो कधी दुमडला नव्हता. काच तेवढी पुसायची.

“सांधे बघा. लोण्यासारखे फिरतात,” पारखी म्हणाला. “न खेळलेला असता तर कुरकुरला असता. या बाजूचा मुलामा अंगठ्याने गेलाय, डाव्या अंगठ्याने. उजवी बाजू कोरी करकरीत. आणि हे तर फारच झालं.” त्याने शिडीची आतली बाजू उजेडात धरली. “कुत्र्याने चावलंय. कुत्रं पाळलं होतंत का?”

“आमच्या घरात कुत्रं? वडिलांना माणसं चालत नव्हती.”

“मग उंदीर असेल. हातातलाच हा, साहेब. दाराशी जाईल.”

डॉक्टरांचे कान तापले. ते धाकट्याकडे वळले.

“तू.”

“मी काय?”

“लपूनछपून खेळत होतास. कपाटाची किल्ली कुठून मिळवलीस?”

“दादा, किल्ली तुझ्या गळ्यात असायची. आंघोळीलासुद्धा काढायचा नाहीस.”

“दुसरी होती.”

“ती बाबांकडे होती. त्यांच्याकडे मागायची माझी काय टाप?”

हे खरं होतं. दुसरी किल्ली डॉक्टरांनी स्वतःच वडिलांना दिली होती, ती या घरात सर्वांत सुरक्षित तिथेच राहील म्हणून. वडिलांना खेळण्यांचा मनस्वी तिटकारा. उजवा हात लुळा पडल्यापासून ते घरीच असायचे, खुर्चीत, पेपर मांडीवर. मुलं शाळेतून आली की पेपरावरून एक नजर टाकायचे. ‘आलास का तुझा पत्र्याचा दादला बघून? पोरकट लेकाचे.’ डॉक्टरांना ते वाक्य इतकं आवडायचं की पुढे दवाखान्यात रडणाऱ्या पेशंटांनाही ते ‘पोरकट लेकाचे’ असंच म्हणत आले.

“भिंग द्या इकडे,” ते पारख्याला म्हणाले. “कुत्रं म्हणे! दात मला कळतात की तुम्हाला?”

पारख्याने खांदे उडवून भिंग दिलं. डॉक्टर शिडीवर वाकले. कुत्र्याचे सुळे नव्हते. उंदराचं कुरतडणंही नव्हे. माणसाचेच दात, वरचे समोरचे. आणि लहान मुलाचे नव्हेत, चांगले रुंद. एकाच जागी पुन्हा पुन्हा रुतलेले. दोन दातांमध्ये बारीकशी फट. डावीकडच्या दाताचा कोपरा तिरका तुटलेला.

डॉक्टरांनी त्या तिरक्या कोपऱ्याच्या खुणेवरून नख फिरवलं.

“हा दुमडताना दोन हात लागतात?” त्यांनी विचारलं.

“लागतात म्हणजे? एकाने शिडी ताणून धरायची, दुसऱ्याने पाय फिरवायचे. शिडी सुटली की सगळं फिसकटतं.”

“आणि हात एकच असला तर?”

“एका हाताने कोण मरायला खेळतंय?”

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं.

“बाबांचा समोरचा दात आठवतो तुला?” ते धाकट्याला म्हणाले.

“तुटका? भातात खडा लागून तुटलेला? तू डॉक्टर झाल्यावर पहिला तोच तर भरलास.” धाकट्याने बंबाकडे पाहिलं, मग भावाकडे, आणि त्याचं हसू हळूच मावळलं. “दादा...”

“गप्प बस.”

पारख्याला या कौटुंबिक कुजबुजीत रस नव्हता. त्याने घड्याळ पाहिलं.

“हे बघा, तुमचं नाव मोठं आहे. खुणा बारीक कागदाने घासून टाकतो, वर मुलामा देतो. मंडळातल्या शहाण्यांना जन्मात कळणार नाही. काचेतला करून टाकू?” त्याने शिडी चिमट्यात पकडली.

“हात लावू नका त्याला.”

हे वाक्य डॉक्टर लहानपणापासून म्हणत आले होते. पण आज आवाज निराळा लागला. पारख्याचा चिमटा थबकला.

“हातातला म्हणून नोंदवा. दाराशी ठेवा, छत्र्यांशेजारी ठेवा.”

“लोक हसतील हो तुम्हाला.”

“हसू देत. पोरकट लेकाचे.”

प्रदर्शनाला अजून अवकाश होता. परतताना गाडीत पेटी डॉक्टरांच्या मांडीवर होती. सिग्नलला गाडी थांबली तशी त्यांनी झाकण उघडलं, बंब बाहेर काढला आणि उलटापालटा करून पाहिला.

“याचा परत माणूस कसा करतात रे?”

“मला काय माहीत? मला कधी हात लावू दिलास?”

सिग्नल सुटला. धाकट्याने गाडी पुढे घेतली. डॉक्टरांनी खिडकीची काच वर करून घेतली, उजवा हात कोटाच्या खिशात घातला, बंब डाव्या हातात तोलला, आणि शिडी दातांत धरली.