मोकळी जागा

“घर पाडायचा खर्च तुमच्याकडे, मावशी,” दलाल रुस्ली म्हणाला. “गिऱ्हाइकाला जागा मोकळी हवी.”

तेन्रीने मागावरचा धोटा थांबवला नाही. आमच्या सेंगकांग गावात घरं खांबांवर उभी असतात आणि त्यांच्या खालच्या सावलीत बायका कमरेला गुंडाळायचे रेशमी सारोंग विणतात. जमीन तिच्या नवऱ्याची आणि दोन दिरांची. नवरा गेल्यावर दिरांनी ती विकायला काढली. वरचं लाकडी घर मात्र तिच्या विणकामातून उभं राहिलेलं.

“माझ्या वाट्यातून आणखी काय कापणार?”

“माझी दलाली, सरकारचा कर, नोटरीची फी.”

“आणि इथे होणार काय?”

“पाकोळ्यांची इमारत. त्यांच्या घरट्यांचं सूप करतात, सोन्याचा भाव आहे.”

“म्हणजे पाखरांना घर मिळावं म्हणून मी माझं पाडायचं. वर मजुरीही मीच द्यायची.”

“व्यवहार असाच असतो, मावशी.”

“जमीन विकली दिरांनी. घर विकलं असं कोण म्हणालं तुला? ते मी घेऊन जाते.”

रुस्ली हसला. “ठेवणार कुठे? डोक्यावर?”

तिचा धोटा थांबला. जागा तिच्याकडे नव्हतीच. मी शेजारी म्हणून नुसता बसलो होतो. अशा वेळी मला बोलायचं सुचतं ते घरी परतल्यावर. त्या दिवशी कसं कोण जाणे, वेळेवर सुचलं.

“माझ्या परसात जागा आहे,” मी म्हणालो.

तेन्रीने माझ्याकडे निरखून पाहिलं. “दिवसभर माग खडखडेल, मास्तर. वाचणार कसे?”

“वाचून झालंय बरंच.”

शुक्रवारी नमाज आटोपून गावचे पुरुष थेट तिच्या अंगणात आले. अख्खं घर खांद्यावर उचलून न्यायला त्यांनी खांबांना आडवे बांबू बांधले. मधल्या खांबाला, जिथे घराचा जीव असतो, तिने केळीचा घड आणि नारळ टांगला. बायकांनी चुलीवर माशाचा रस्सा चढवला.

“उचलताय, की नुसते टेकून उभे राहणार?” तेन्री ओरडली. “रस्सा आटतोय.”

घर उठलं. डुलत, करकरत गल्लीतून निघालं. वळणावर छपराने माझ्या पेरूची फांदी मोडली. मीही एका बांबूला खांदा लावला होता. माझ्या खांद्यावर वजन आलं असेल असं वाटत नाही, पण कोणी मला बाजूला हो म्हणालं नाही.

संध्याकाळी रुस्ली आला, तेव्हा तेन्री घराची जुनी जागा झाडून काढत होती. खांबांखालचे दगड तेवढे ओळीने उरले होते. माग होता तिथे, तिच्या पायांनी जमिनीत दोन खळगे पडले होते. रुस्लीने ते बुटाने चाचपले.

“हे बुजवून द्या, मावशी.”

“त्याचे पैसे वेगळे पडतील,” ती म्हणाली.

तिने केरसुणी काखेत धरली आणि गल्लीतून माझ्या परसाकडे निघाली. खळगे तिने झाडून स्वच्छ केले होते, बुजवले नव्हते.