डब्यातलं अतिविष

माझी बॉटनीची पदवी चाळीस वर्षं जुनी, पण ती मिरवायची हौस अजून ताजी. ऑगस्टमध्ये उत्तराखंडात ट्रेकला गेले. बर्फरेषेखालच्या कुरणात निळसर फुलं दिसली आणि मी ग्रुपला व्याख्यानच दिलं, की हेच ते अतिविष, आपल्या बाळगुटीतलं, जुलाबांवरचं. वाटाड्या म्हणाला, "मॅडम, ऐसे दिखनेवाले दो-तीन हैं. एक तो ज़हर है." मी हसले आणि तो पुढे गेल्यावर मुळी उकरून खिशात टाकली.

डोंबिवलीत माझी भाची अक्षदा राहते. तिच्या पाच महिन्यांच्या मुलीला न्हाऊ घालायला ठाकुर्लीहून विमलाबाई यायच्या. मालिश, आंघोळ, मग सहाणेवर गुटी. हळकुंडाचे दोन वळसे, वेखंडाचा एक, अतिविषाचा एक. गुटीचा डबा त्यांनीच बाजारातून भरून आणलेला. ट्रेकहून परतल्यावर मी अक्षदाकडे गेले तेव्हा त्यांना माझी वाळवलेली मुळी दाखवली तर म्हणाल्या, "ही कुठली, काय, मला म्हाईत नाय ताई. मी नाय उगाळणार."

मला राग आला. चौथी शिकलेली बाई मला झाडं शिकवणार! त्या बाळाला पुसत होत्या तेवढ्यात मी डब्यातलं अतिविष काढून घेतलं आणि माझ्या मुळीचा तेवढाच तुकडा ठेवला. वाळल्यावर दोन्ही सारखीच दिसत होती.

बाळाला द्यायच्या आधी विमलाबाई गुटी स्वतः चाटून बघायच्या. अक्षदाला ते किळसवाणं वाटायचं. दुसऱ्या दिवशी चाटल्या चाटल्या त्यांनी वाटी मोरीत उपडी केली. ओठ बधिर झाले, मग उलट्या. दोन दिवस हॉस्पिटलात काढले.

"कुठल्या दुकानातून काय उचलून आणलंत हो?" त्या घरी आल्यावर अक्षदा फोनवर ओरडली. "माझ्या मुलीच्या पोटात गेलं असतं म्हणजे?" लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज गेला आणि विमलाबाई जायच्या त्या बाकीच्या तीन घरांनीही त्यांना नको म्हटलं. बाळ तेव्हा माझ्या मांडीवर होतं. मी म्हणाले, "हल्ली भेसळ फार असते गं." हे वाक्य आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

त्या दिवशीच्या गोंधळात डब्यातला माझ्या मुळीचा तुकडा मी गुपचूप पर्समध्ये टाकला होता. घरी त्याचं टोक जिभेला लावलं. तासभर जीभ माझी नव्हती.

आठवडाभराने धीर करून ठाकुर्लीला गेले. विमलाबाई दारातच बसल्या होत्या.

"तीस वर्षं पोरं न्हाऊ घातली ताई," त्या म्हणाल्या. "कधी चूक नाय झाली. आता कोणी बोलावलं तरी नाय जाणार. माझा हातच उचलत नाय."

मी सगळं सांगितलं. मुळी, डबा, पर्स, सगळं. सांगताना रडले. त्या कुशीत घेतील, निदान "जाऊ द्या" म्हणतील, असं मला वाटलं होतं. इतकी मी निर्लज्ज.

"हे मला कशाला सांगता?" त्या म्हणाल्या. "मी कुठं तुम्हाला नावं ठेवली? जिथं माझं नाव गेलं तिथं सांगा. आता, माझ्यासमोर."

मी फोन लावला, स्पीकरवर टाकला.

"बोल गं मावशी," अक्षदा म्हणाली. मागे बाळ हुंकार देत होतं. माझ्या अंगाखांद्यावर झोपणारं ते एकच माणूस. क्षणभर वाटलं, कट करावा. विमलाबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं.

मग अक्षदा म्हणाली, "विमलाबाईंना दे."

मी फोन दिला. त्यांनी स्पीकर बंद करून कानाला लावला. नुसतं "हं, हं" करत राहिल्या, एकदा डोळे पुसले. शेवटी म्हणाल्या, "येते उद्या. आठला."

फोन माझ्या हातात आला तेव्हा तो कट झालेला होता.